जर-तरचा घोळ: प्रोग्राममधली एक चुकीची अट आयफोनची सुरक्षा कशी उघडी पाडते?

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोन आणि आयपॅडसाठी एक तातडीचा अपडेट आणला. त्यात ना नवा कॅमेरा मोड होता, ना नवे इमोजी. सुरक्षेतली एक चूक दुरुस्त करण्यापुरताच तो होता.

ॲपलने त्या भागाचा कोड आधीच सगळ्यांसाठी खुला केलेला असल्यामुळे जगभरातल्या तज्ज्ञांनी तो लगेच उघडून पाहिला. चूक सापडायला वेळ लागला नाही. एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. त्या एका जादा ओळीमुळे फोन समोरच्या वेबसाइटची डिजिटल सही न तपासताच 'सगळं ठीक आहे' असं ठरवून पुढे जात होता. ही त्रुटी २०१२ मध्ये आलेल्या आयओएस ६ पासून फोनमध्ये होती.

ही चूक कुठल्या अवघड गणितातली नव्हती. ती होती 'जर-तर' मधली. 'जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' ही प्रोग्रामिंगमधली सगळ्यात सोपी गोष्ट मानली जाते आणि शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. तरीही मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम याच ठिकाणी अडखळतात. असं का होतं आणि अट स्पष्ट कशी लिहायची, ते समजून घेऊया.

'जर-तर' म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर स्वतःहून काही ठरवत नाही. एटीएममध्ये पिन टाकल्यावर पैसे द्यायचे की नाही, रेल्वेचं तिकीट कन्फर्म दाखवायचं की वेटिंग, हे सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या अटींवर ठरतं. या अटींना प्रोग्रामर 'कंडिशन' म्हणतात. बहुतेक भाषांमध्ये त्या 'इफ' आणि 'एल्स' या दोन शब्दांनी लिहिल्या जातात. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर.

प्रत्येक अटीचं उत्तर दोनच प्रकारचं असतं, खरं किंवा खोटं. 'बहुतेक', 'साधारण', 'समजून घे' याला तिथे जागा नाही.

माणसांचं तसं नसतं. 'दुकानातून दूध आण आणि अंडी असतील तर सहा आण' असं सांगितलं तर कुणी दुधाच्या सहा पिशव्या घेऊन येत नाही. अर्धवट वाक्यातला उरलेला अर्थ आपण डोक्यात भरून काढतो. कॉम्प्युटर भरून काढत नाही. जे लिहिलं आहे तेच तो करतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्याला कळायचा मार्ग नसतो. घोळाची सुरुवात इथेच होते.

ॲपलच्या कोडमध्ये काय झालं होतं?

फोनवरून बँकेची वेबसाइट उघडली की फोन आधी समोरचा सर्व्हर खरोखर त्या बँकेचाच आहे का, हे तपासतो. त्यासाठी तो एकामागून एक अनेक पायऱ्या पार करतो. कुठल्याही पायरीवर चूक आली तर बाकीचं सोडून थेट शेवटी जायचं आणि चुकीचा क्रमांक कळवायचा, अशी रचना होती. क्रमांक शून्य असेल तर त्याचा अर्थ 'चूक नाही'.

तो कोड सी भाषेत होता. मराठीत त्याचा सांगाडा असा:

जर (पहिल्या पायरीत चूक आली)
    शेवटी जा
जर (दुसऱ्या पायरीत चूक आली)
    शेवटी जा
    शेवटी जा
जर (तिसऱ्या पायरीत चूक आली)
    शेवटी जा
सही खरी आहे का ते तपासा
शेवट: चुकीचा क्रमांक कळवा

दुसऱ्या पायरीखाली 'शेवटी जा' दोनदा आलं आहे. नुसतं पाहिलं तर दोन्ही ओळी त्या 'जर' च्या पोटातल्या वाटतात, कारण दोन्ही सारख्याच आत सरकवल्या आहेत. पण सी भाषा ओळ किती आत सरकवली आहे हे बघत नाही. महिरपी कंस नसेल तर 'जर' चा अंमल फक्त लगेचच्या एका आज्ञेवर चालतो. म्हणजे पहिलं 'शेवटी जा' अटीतलं आहे. दुसऱ्याला कुठलीच अट नाही. ते प्रत्येक वेळी होणारच.

परिणामी, दोन पायऱ्या नीट पार पडल्या तरी प्रोग्राम थेट शेवटी उडी मारत होता. सही तपासण्याची ओळ कधी चालतच नव्हती. आणि तोपर्यंत एकही चूक आलेली नसल्यामुळे क्रमांक होता शून्य, म्हणजे 'चूक नाही'. तपासणी न होताच पास.

कॉफी शॉपच्या फुकट वाय-फायवर बसलेल्या हल्लेखोराला अशा वेळी मध्ये शिरून 'मीच तुमची बँक' असं भासवणं शक्य होतं. फोन त्यावर विश्वास ठेवत होता. मॅक कॉम्प्युटरमध्येही हीच चूक होती आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती २५ फेब्रुवारीला आली. म्हणजे चूक जगजाहीर झाल्यावर मॅक वापरणाऱ्यांना चार दिवस थांबावं लागलं.

इंग्रजी कोडमधली ती आज्ञा 'गोटू फेल' अशी होती. त्यामुळे हा बग त्याच नावाने ओळखला जातो.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, एका ओळीचं 'जर' असलं तरी महिरपी कंस लावावेत. कंस असते तर जादा ओळ त्यांच्या आत राहिली असती आणि निरुपद्रवी ठरली असती, किंवा बाहेर पडली असती तर नजरेत तरी भरली असती. पायथॉनसारख्या भाषेत ओळ किती आत सरकवली आहे यावरच अर्थ ठरतो, त्यामुळे दिसतं एक आणि चालतं दुसरं ही भानगड तिथे अशा प्रकारे होत नाही.

दुसरा धडा जास्त मोलाचा आहे. सुरक्षेच्या तपासणीत उत्तर सुरुवातीपासून 'नाही' असावं आणि शेवटची तपासणी पार पडल्यावरच ते 'हो' व्हावं. म्हणजे मधली एखादी पायरी निसटली तरी दार बंदच राहतं.

अटींचा क्रम बदलला तर काय बिघडतं?

आता आपल्या रोजच्या ओळखीचं उदाहरण घेऊया. एसटी महामंडळाच्या गाड्यांमध्ये राज्याच्या हद्दीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्म्या दरात प्रवास करता येतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला सरावासाठी या नियमांवर तिकिटाचा प्रोग्राम लिहायचा आहे. लहान मुलांच्या आणि इतर सवलती तूर्त बाजूला ठेवूया. पहिला प्रयत्न असा होऊ शकतो:

जर प्रवासी महिला असेल, तर अर्धं तिकीट
नाहीतर जर वय ७५ च्या वर असेल, तर मोफत
नाहीतर जर वय ६५ किंवा जास्त असेल, तर अर्धं तिकीट
नाहीतर पूर्ण तिकीट

वाचायला सगळं बरोबर वाटतं. प्रत्येक नियम आला आहे, प्रत्येक ओळ खरी आहे. पण ७८ वर्षांच्या आजी गाडीत चढल्या की पहिलीच अट खरी ठरते आणि त्यांच्या हातात अर्धं तिकीट पडतं. मोफत प्रवासाच्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही. त्याच वयाचे आजोबा मात्र फुकट जातात.

'नाहीतर जर' ची साखळी वरून खाली चालते आणि पहिली खरी अट सापडली की थांबते. म्हणून एकाच माणसाला दोन नियम लागू होत असतील तर कुठला आधी विचारायचा, हे ठरवावंच लागतं. इथे सगळ्यात मोठी सवलत आधी तपासली की प्रश्न सुटतो:

जर वय ७५ च्या वर असेल, तर मोफत
नाहीतर जर प्रवासी महिला असेल किंवा वय ६५ किंवा जास्त असेल, तर अर्धं तिकीट
नाहीतर पूर्ण तिकीट

चार ओळींच्या तीन झाल्या, आणि 'अर्धं तिकीट' हा एकच निकाल दोन ठिकाणी लिहिण्याची गरजही संपली. उद्या सवलतीचा दर बदलला तर एकाच जागी बदल करावा लागेल.

'७५ च्या वर' म्हणजे ७५ धरायचे की नाही?

वरच्या प्रोग्राममध्ये अजून एक प्रश्न लपला आहे. '६५ ते ७५' आणि '७५ च्या वर' हे बोलताना ठीक आहे. पण ज्यांना ७५ पूर्ण होऊन तीन महिने झाले, त्यांचं काय?

प्रोग्रामर सहसा पूर्ण झालेली वर्षं मोजतो. त्यामुळे या प्रवाशाचं वय ७५ असंच नोंदलं जाईल. अट '७५ पेक्षा जास्त' अशी लिहिली तर त्यांना मोफत प्रवास मिळायला ७६ वा वाढदिवस उजाडावा लागेल. '७५ किंवा जास्त' लिहिली तर ७५ व्या वाढदिवसापासूनच. फरक एका चिन्हाचा, पण माणसाच्या पदरात वर्षभराच्या तिकिटांचा.

यातलं बरोबर कुठलं, हे प्रोग्रामरने मनाने ठरवायचं नसतं. नियम करणाऱ्याला विचारायचं असतं. चांगला प्रोग्रामर कोड लिहिण्याआधी असे प्रश्न विचारतो, त्याचं हेच कारण. अनेकदा नियम लिहिणाऱ्यांनाही तो प्रश्न सुचलेला नसतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे सीमेवरचा आकडा कुठल्याच अटीत न बसणं. एका अटीत '७५ पेक्षा कमी', दुसरीत '७५ पेक्षा जास्त' असं लिहिलं तर बरोबर ७५ चा माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. हे काल्पनिक वाटेल, पण असं खरोखर घडलं आहे.

एका दिवसासाठी बंद पडलेलं उपकरण

मायक्रोसॉफ्टने आयपॉडच्या स्पर्धेत नोव्हेंबर २००६ मध्ये 'झून' नावाचा म्युझिक प्लेअर आणला होता. ३१ डिसेंबर २००८ रोजी, नव्या वर्षाच्या पार्ट्यांच्या ऐन तोंडावर, ३० जीबीचे झून सुरू होताच गोठून जाऊ लागले. उपाय म्हणून कंपनीने सांगितलं की बॅटरी पूर्ण संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर, पुन्हा सुरू करा.

उपकरणातलं घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे एकूण दिवस मोजत होतं. त्यावरून चालू वर्ष काढण्यासाठी एकेका वर्षाचे दिवस वजा केले जात होते. रचना साधारण अशी होती:

दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर पुन्हा पुन्हा:
    जर हे लीप वर्ष असेल:
        जर दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील:
            ३६६ वजा करा, वर्ष एकाने वाढवा
    नाहीतर:
        ३६५ वजा करा, वर्ष एकाने वाढवा

२००८ हे लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशी, आधीची सगळी वर्षं वजा केल्यावर हातात उरले बरोबर ३६६ दिवस. ते ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून फेरी सुरूच राहणार. वर्ष लीप आहे, म्हणून आतली अट तपासली जाणार. पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून काहीच होत नाही. आकडा तोच राहतो, प्रोग्राम पुन्हा वर जातो, पुन्हा तोच प्रश्न विचारतो. घाण्याच्या बैलासारखा तिथेच फिरत राहतो.

दुसऱ्या दिवशी दिवस झाले ३६७. त्यातून ३६६ वजा झाले, उरला एक, आणि सगळं सुरळीत. झून बाजारात आल्यानंतरचं हे पहिलंच लीप वर्ष होतं, त्यामुळे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

याची दुरुस्तीही वाटते तितकी सरळ नाही. 'जास्त' च्या जागी 'जास्त किंवा समान' केलं की फेरी थांबते खरी, पण ३६६ मधून ३६६ गेले की उरतात शून्य, आणि वर्ष होतं २००९. म्हणजे उपकरण दाखवणार २००९ सालचा शून्यावा दिवस! बरोबर उपाय असा की आतल्या 'जर' ला स्वतःचं 'नाहीतर' द्यायचं: दिवस ३६६ पेक्षा जास्त नसतील तर आपण याच वर्षात आहोत, फेरी थांबवा.

लक्षात ठेवण्यासारखं इतकंच. ज्या 'जर' ला 'नाहीतर' नाही, तिथे थांबून विचारावं की अट खोटी ठरली तर काय होईल? 'काहीच नाही' हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी उपकरण बंद पाडतं.

'आणि', 'किंवा', 'नाही': तीन छोटे शब्द, मोठी गफलत

एकापेक्षा जास्त अटी जोडायला हे तीन शब्द लागतात. त्यांचं गणित १९ व्या शतकात जॉर्ज बूल आणि ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञांनी मांडलं. यातल्या डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईत झाला होता.

बोलीतली वाक्यं जशीच्या तशी कोडमध्ये उतरवली की काय होतं, ते पाहा.

'उत्तर हो किंवा नाही यापैकी काही नसेल तर चूक दाखवा.' नवखा प्रोग्रामर लिहितो: जर उत्तर 'हो' नसेल किंवा उत्तर 'नाही' नसेल, तर चूक दाखवा. आता कुणी 'हो' लिहिलं तर दुसरी अट खरी होते, कारण ते 'नाही' नाही. 'नाही' लिहिलं तर पहिली खरी होते. म्हणजे काहीही लिहा, चूक दिसणारच. इथे 'किंवा' च्या जागी 'आणि' हवं होतं. डी मॉर्गन यांचा नियम हेच सांगतो: पूर्ण वाक्य नाकारलं की आतला 'किंवा' हा 'आणि' होतो, आणि 'आणि' चा 'किंवा' होतो.

दुसरं उदाहरण. 'सिग्नल लाल किंवा पिवळा असेल तर थांब.' हे पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये शब्दशः लिहिलं तर त्याचा अर्थ होतो 'सिग्नल लाल आहे, किंवा पिवळा'. यातला नुसता 'पिवळा' हा शब्द रिकामा नसल्यामुळे या भाषा त्याला खरं मानतात. परिणाम असा की हिरव्या सिग्नललाही गाडी थांबते. अट दोनदा पूर्ण लिहावी लागते: सिग्नल लाल असेल किंवा सिग्नल पिवळा असेल.

तिसरं उदाहरण. 'प्रवासी विद्यार्थी असेल किंवा ज्येष्ठ असेल आणि ओळखपत्र असेल तर सवलत द्या.' सांगणाऱ्याच्या मते ओळखपत्र दोघांनाही हवं. पण जवळपास सगळ्या प्रचलित भाषांमध्ये, बेरजेआधी गुणाकार होतो तसा, 'किंवा' च्या आधी 'आणि' जोडला जातो. त्यामुळे ओळखपत्राची अट फक्त ज्येष्ठांना लागते आणि विद्यार्थी ओळखपत्राशिवाय सुटतो. साधा कंस घातला की अर्थ पक्का होतो: (विद्यार्थी किंवा ज्येष्ठ) आणि ओळखपत्र. कॉम्प्युटरला गरज नसली तरी वाचणाऱ्या माणसासाठी कंस घालावेत.

एक '=' कमी, आणि थेट मालकी हक्क

सी भाषेत '==' म्हणजे 'समान आहे का?' असा प्रश्न. एकच '=' म्हणजे 'समान कर' अशी आज्ञा. दिसायला फरक नखाएवढा.

नोव्हेंबर २००३ मध्ये कुणीतरी लिनक्सच्या कोडच्या एका प्रतीत गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वाचणाऱ्याला त्या एखाद्या साध्या तपासणीसारख्या वाटाव्यात अशा होत्या: जर दोन विशिष्ट पर्याय दिले असतील आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक कळवा. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे 'रूट', सर्वाधिकारी.

पण तिथे '==' नव्हतं, '=' होतं. म्हणजे 'क्रमांक शून्य आहे का' असं न विचारता 'क्रमांक शून्य कर' अशी आज्ञा सुटत होती. जो कुणी ते दोन पर्याय एकत्र वापरेल तो क्षणात सर्वाधिकारी होणार. आणि शून्य म्हणजे 'खोटं' असल्यामुळे अट फसायची, त्यामुळे चूक कळवणारी ओळही चालायची नाही. चोरी व्हायची आणि मागमूसही राहायचा नाही. त्यात ती आज्ञा जादा कंसात ठेवलेली होती. अशा कंसामुळे कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, 'हे मुद्दाम लिहिलं असावं' असं समजून इशारा देत नाही.

सुदैवाने ती प्रत मूळ कोडशी जुळत नाही हे लगेच लक्षात आलं. मूळ लिनक्समध्ये त्या ओळी पोहोचल्याच नाहीत. ते कुणी केलं, हे आजवर समोर आलेलं नाही.

या प्रकरणातला धडा असा की अटीच्या आत फक्त प्रश्न असावा, कुठलीही कृती नसावी. पायथॉनमध्ये 'इफ' च्या अटीत असं एकेरी '=' लिहिलं तर प्रोग्राम चालतच नाही.

मग स्पष्ट अट लिहायची कशी?

अनुभवी प्रोग्रामर वापरतात त्या काही सवयी अशा:

१. नकार आधी निपटवा. 'जर लॉगिन असेल, तर जर खातं चालू असेल, तर जर शिल्लक असेल, तर...' अशी एकात एक पेटी रचत गेलं की पाचव्या पेटीतलं 'नाहीतर' कुठल्या 'जर' चं, हे कळत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच परत पाठवावं: लॉगिन नसेल तर थांबा. खातं बंद असेल तर थांबा. शिल्लक नसेल तर थांबा. हे सगळं पार झालं की मुख्य काम सरळ खाली लिहिता येतं. याला 'गार्ड क्लॉज' म्हणतात. दारावरच्या वॉचमनसारखं हे काम आहे.

२. लांब अटीला नाव द्या. तीन-चार अटी 'आणि-किंवा' ने जोडलेल्या असतील तर त्यांचं उत्तर आधी एका नावाखाली साठवावं, जसं 'सवलतीस पात्र'. मग मुख्य ओळ होते: जर सवलतीस पात्र असेल, तर अर्धं तिकीट. सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ती कळते.

३. होकारात लिहा. 'जर अवैध नसेल तर' यापेक्षा 'जर वैध असेल तर' बरं. 'अपात्र नसल्याचं खोटं असेल तर' असं वाक्य कोडमध्ये सापडलं, तर ते लिहिणाऱ्याला परत द्यावं.

४. अटी जास्त असतील तर आधी तक्ता काढा. हो-नाही स्वरूपाच्या तीन अटी असतील तर शक्यता होतात आठ. पाच असतील तर ३२, दहा असतील तर १,०२४. कागदावर तक्ता मांडला की कुठली शक्यता सुटली आणि कुठे दोन नियम भिडले, हे लगेच दिसतं. वरच्या उदाहरणातल्या ७८ वर्षांच्या आजी अशा तक्त्यात पहिल्या मिनिटाला सापडल्या असत्या.

५. सीमेवर चाचणी घ्या. ७५ चा नियम असेल तर ७४, ७५ आणि ७६ ही तिन्ही वयं टाकून पाहा. तारखांचं काम असेल तर २९ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबर हमखास टाका. शतकाचं वर्षही टाका, कारण ४ ने भाग जाऊनही १९०० लीप वर्ष नव्हतं, तर ४०० ने भाग जात असल्यामुळे २००० होतं. एक्सेल आजही १९०० ला लीप वर्ष मानतं. लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरमधली ही चूक तिथल्या फाइल्स चालाव्यात म्हणून एक्सेलने तशीच ठेवली, आणि आता ती काढली तर लोकांच्या जुन्या फाइल्समधल्या तारखा हलतील.

६. शेवटचं 'नाहीतर' मोकळं सोडू नका. कुठल्याच अटीत न बसणारं काही आलं तर प्रोग्रामने गप्प राहण्याऐवजी 'हे मला अपेक्षित नव्हतं' असं ओरडून सांगावं.

प्रोग्रामर नसलेल्यांनी याचं काय करायचं?

'जर-तर' फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये लिहिलं जात नाही. दुकानाचा हिशोब ठेवणारा एक्सेलमध्ये 'इफ' चा फॉर्म्युला टाकतो. सोसायटीचा सेक्रेटरी मेंटेनन्सच्या दंडाचा नियम लिहितो. शाळेत सवलतीची पात्रता ठरते, सरकारी योजनेचे निकष निघतात. 'दहा तारखेनंतर दंड' या वाक्यात दहा तारीख धरायची की नाही, यावरून भांडणं होतात. ती 'झून' च्या ३६६ व्या दिवसाचीच भावंडं असतात.

अशा प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारून पाहता येतात. बरोबर सीमेवरच्या माणसाचं काय होणार? एकाच माणसाला दोन नियम लागले तर कुठला चालणार? आणि कुठल्याच नियमात न बसणारा आला तर?

आता अनेकजण एआयला सांगून कोड लिहून घेतात. तो कोड चालतोही. पण सांगणाऱ्याने '७५ च्या वर' एवढंच सांगितलं असेल, तर ७५ धरायचे की नाही हे एआय आपल्या अंदाजाने ठरवेल, आणि ठरवलं आहे हे कळेलच असं नाही. त्यामुळे कोड कुणीही लिहिला तरी हे तीन प्रश्न विचारण्याचं काम नियम माहीत असलेल्या माणसाकडेच राहतं. ७८ वर्षांच्या आजींच्या हातात कुठलं तिकीट पडतं, ते त्यावर ठरतं.